जुन्या गड्याच्या हाती किती किल्ल्या?

श्रोतेहो, गावोगावच्या घरांत आता संगणक आला आहे. बहुतेक ठिकाणी तो घरात एकच असतो. सकाळी गुरुजी त्यावर वर्गाचे गुण भरतात, दुपारी लेक अभ्यास करते, रात्री धाकटा त्यावर खेळ मांडतो. अशा संगणकावर एखादा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा प्रोग्रामही असतो. कुणाचा गुणपत्रके करणारा, कुणाचा संस्थेचा हिशेब ठेवणारा. हाताला त्याची सवय झालेली असते, वर्षानुवर्षांची माहिती त्यात साठलेली असते, आणि तो लिहिणारा आता कुठे असेल याचा पत्ता नसतो. हा प्रोग्राम मर्यादित खात्यातून चालेनासा झाला, तर काय करावे? आज त्याचाच विचार करू.

मर्यादित खाते म्हणजे काय, ते आधी पाहा. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. पहिले अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे. हा घरधनी, साऱ्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला. दुसरे स्टँडर्ड यूजरचे. या खात्यातला माणूस लिहील, वाचील, छापील, आपले कागद आपल्या पेटीत ठेवील. परंतु घराच्या भिंतींना त्याला हात लावता येत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइली आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ हे फोल्डर यांत त्याला काही बदलता येत नाही.

मग जुना प्रोग्राम नेमका अडतो कुठे? याचे उत्तर त्याच्या जन्मकाळात आहे. १९९५ आणि १९९८ साली आलेल्या विंडोजमध्ये घरातल्या दारांना कुलपेच नव्हती म्हणाना. कोणताही प्रोग्राम कुठेही लिही. त्यामुळे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही सवय लागली, की गुण असोत वा हिशेब, सारे प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेवून द्यायचे. २००१ साली विंडोज एक्सपी आली आणि कुलपे घराघरांत पोचली. पण जुने प्रोग्राम अडू लागले, म्हणून बहुतेकांनी घरधन्याचे खातेच रोजच्या वापराला घेतले. कुलूप असून नसल्यासारखे झाले. पुढे २००७ साली व्हिस्टा आली. तेव्हापासून मात्र भिंतीला हात लावण्यापूर्वी विंडोज विचारते, आणि मर्यादित खाते असेल तर घरधन्याचा पासवर्ड मागते.

कुणी म्हणेल, ‘एवढा त्रास कशाला? द्यावा त्या प्रोग्रामला सगळा जुडगा!’ येथेच खरी गोम आहे. आपण जो प्रोग्राम चालवतो, त्याला आपले अधिकार मिळतात. धाकट्याने कुठून तरी उतरवलेल्या खेळात विषारी प्रोग्राम लपलेला असेल आणि घरधन्याच्या खात्यात त्याला एकदा ‘होय’ म्हटले गेले, तर तो भिंतीच्या आत घर करतो. मग गुरुजींचे गुण, लेकीचा अभ्यास, सगळ्यांवरच संकट. मर्यादित खात्यात तो पासवर्डाशी अडतो. ज्याला जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ सालीच स्पष्ट मांडून ठेवले आहे. आपल्याकडे तरी वेगळे काय करतात? शेतावरच्या गड्याला अवजारांच्या खोलीची किल्ली देतात, तिजोरीची नव्हे.

आता एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. शिक्षकांनी ती विशेष ध्यानात ठेवावी. जुने प्रोग्राम अगदीच अडू नयेत, म्हणून विंडोज एक युक्ती करते. प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहू गेला, की ती फाइल ती गुपचूप दुसरीकडे ठेवते. सी ड्राइव्हवर ‘यूजर्स’, त्यात आपल्या खात्याचे नाव, त्यात ‘अ‍ॅपडेटा’, त्यात ‘लोकल’, आणि त्यात ‘व्हर्च्युअलस्टोअर’ असे ते फोल्डर. ‘अ‍ॅपडेटा’ एरवी दिसत नाही. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली म्हणजे दिसते. यामुळे पुष्कळ जुने प्रोग्राम बिनबोभाट चालतात. पण प्रत्येक खात्याची प्रत निराळी! आपल्या खात्यातून चाळीस मुलांचे गुण भरावेत, आणि लेकीच्या खात्यातून प्रोग्राम उघडावा, तर पान कोरे. गुण पुसले म्हणून माणूस घाबरतो आणि पुन्हा भरायला बसतो. अशा वेळी काही पुसू नका, काही नव्याने भरू नका. आधी ‘व्हर्च्युअलस्टोअर’ पाहा. गुण बहुधा तेथे सुखरूप असतात.

आता उपाय क्रमाने घेऊ.

पहिले काम, प्रोग्रामच्या फोल्डराची आणि ‘व्हर्च्युअलस्टोअर’मधील प्रतीची पेनड्राइव्हवर नक्कल करून ठेवावी.

दुसरे, मूळ सीडी हाताशी असेल, तर घरधन्याच्या खात्यातून प्रोग्राम पुन्हा बसवावा. मात्र जागा विचारील तेव्हा ‘प्रोग्राम फाइल्स’ न देता सी ड्राइव्हवर ‘जुनेकाम’ असे निराळे फोल्डर करून ते द्यावे. अशा फोल्डरात मर्यादित खात्यालाही सहसा लिहिता येते.

तिसरे, सीडी नसेल, तर प्रोग्राम आपली माहिती ज्या फोल्डरात ठेवतो तेवढेच मोकळे करावे. घरधन्याच्या खात्यातून त्या फोल्डरावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘सिक्युरिटी’, मग ‘एडिट’. तेथे ‘यूजर्स’ निवडून ‘मॉडिफाय’समोर खूण करावी. नंतर ‘व्हर्च्युअलस्टोअर’मधील ताजी फाइल खऱ्या जागी आणून ठेवावी आणि तेथली प्रत हलवावी. नाहीतर प्रोग्राम त्या प्रतीकडेच बघत राहील.

चौथे, प्रोग्राम उघडताच कोलमडत असेल, तर त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’ हे पान असते. तेथे जुन्या विंडोजचे नाव निवडून पाहावे. त्याच पानावर, प्रोग्राम नेहमी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावा, असाही एक पर्याय आहे. तो मोह टाळावा. तेथे खूण केली, की एका गुणपत्रकासाठी सारा जुडगा दिला असे होते.

डॉसच्या काळचे प्रोग्राम मात्र आजच्या ६४-बिट विंडोजवर असे चालायचे नाहीत. त्यांच्यासाठी ‘डॉसबॉक्स’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो मर्यादित खात्यातूनही चालतो, आणि आपण दाखवू तेवढेच फोल्डर आतल्या जुन्या प्रोग्रामला दिसते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. जे फोल्डर आपण मोकळे केले, त्यात विषारी प्रोग्रामही लिहू शकतो. खुद्द जुन्या प्रोग्रामची फाइलही तो बदलू शकतो. म्हणून एकदा मोकळे केलेल्या फोल्डरातला प्रोग्राम घरधन्याच्या खात्यातून चालवू नये, आणि होईल तेथवर फक्त माहितीचेच फोल्डर मोकळे करावे.

दुसरी गोष्ट, मर्यादित खाते भिंती राखते, आपल्या पेटीतले कागद राखत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्राम निघाले आहेत. त्यांना आपले कागद बिघडवायला घरधन्याची किल्ली लागतच नाही. आपल्याला जेथे लिहिता येते, तेथे त्यांनाही लिहिता येते. त्यावर इलाज एकच. आठवड्यातून एकदा नक्कल करावी, आणि नक्कल केलेला पेनड्राइव्ह संगणकाला लावून न ठेवता काढून कपाटात ठेवावा.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, या सुट्टीत एक दुपार एवढ्या कामाला द्या. घरधन्याचे खाते पासवर्ड घालून बाजूला ठेवा, घरातल्या प्रत्येकाला मर्यादित खाते करून द्या, आणि जुन्या प्रोग्रामला त्याची एक खोली नेमून द्या. गडी जुना आहे, कामाचा आहे. त्याला घालवायचे कारण नाही. पण त्याच्या खोलीची एक किल्ली त्याला पुरते.