गोळी चालू आहे, पण माणूस कामाला लागला का?

भोर किंवा वेल्ह्यात (आताचा राजगड तालुका) तीव्र मानसिक आजारावर संशोधन करायचं मनात असेल, तर रुग्णालयातून सुट्टी मिळाली त्या दिवसापाशी थांबू नका. खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. डोंगरातल्या वाडीवरून एसटीने पुण्याला जायचं म्हणजे सोबत येणाऱ्या नातेवाइकाचीही दिवसाची मजुरी बुडते. अशात गोळ्या सुटतात.

घराजवळ आधार दिला तर फरक पडतो का? हे तपासणारा 'कॉप्सी' अभ्यास २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तमिळनाडू, गोवा आणि आपल्या शेजारचा सातारा अशी तीन ठिकाणं, स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण. १८७ जणांना नेहमीच्या उपचारासोबत गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या घरभेटी, ९५ जणांना फक्त नेहमीचे उपचार. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते बरं का. औषधं नियमित घेणं, कुटुंबाशी बोलणं, कामधंदा, लोकांची हेटाळणी, सगळ्यावर ते मदत करायचे.

आता निकाल नीट वाचा. लक्षणं मोजणाऱ्या 'पॅन्स' मापनात १२ महिन्यांनी सरासरी ३.७५ गुणांचा फरक पडला, पण विश्वासांतर −७.९२ ते ०.४२. म्हणजे शून्य आत आलं, ठाम काही म्हणता येत नाही. 'आयडियाज' हे मापन स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद आणि काम यांतली अक्षमता मोजतं. तिथे फरक ०.९५ गुणांचा, विश्वासांतर −१.६८ ते −०.२३. शून्य बाहेर. फरक छोटाच, पण घरच्यांना नेमका हाच दिसतो.

बरेच विद्यार्थी इथे वाचन थांबवतात. पुढे बघा: लक्षणांमधला स्पष्ट फायदा दिसला तो तमिळनाडूच्या ग्रामीण केंद्रावर, ९.२९ गुणांचा. तिन्ही ठिकाणांची सरासरी वाचून 'उपयोग नाही' म्हणणारा माणूस हे हरवून बसतो. माझा अंदाज असा, की जिथे आधीची सेवा तुटपुंजी, तिथे घरभेटीचं वजन जास्त. हा अंदाजच आहे, तपासायला हवा. म्हणून वेल्ह्यात अभ्यास आखलात, तर तुलनेच्या गटाला आज नेमकं काय मिळतं, कुठे, किती दिवसांनी, हे आधी गावोगाव फिरून लिहून काढा. प्रश्नावली नंतर.