पाठीचे ऑपरेशन : केव्हा करावे, पुढे काय जपावे

दिवाळीनंतर बारडोली-चलथाण भागात ऊसतोडीला जोर येतो. मोळ्या उचलून अनेकांची कंबर धरते. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले की घरात दोन मते होतात. एक म्हणतो, उद्याच करून टाका. दुसरा म्हणतो, पाठीला सुरी लागली की माणूस कायमचा अधू झाला. दोन्ही मते घाईची आहेत.

मणक्यांच्या मध्ये गादी असते. ती सरकून नस दाबली गेली की कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. ऑपरेशनचा गुण येतो तो मुख्यतः पायातल्या या कळेला; नुसत्या कंबरदुखीला त्याची खात्री कमी. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली एवढ्यावरही निर्णय घेऊ नये. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, कंबर न दुखणाऱ्या ९८ माणसांपैकी निम्म्याहून अधिक जणांची गादी फुगलेली निघाली!

मग थांबावे का? हॉलंडमधील २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पायात कळ येऊन त्यांना ६ ते १२ आठवडे झाले होते. लवकर ऑपरेशन ठरलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षभराने दोन्ही गटांत शंभरातले ९५ जण बरे होते. थांबलेल्यांपैकी शंभरी ३९ जणांना मात्र पुढे ऑपरेशन करावे लागले. म्हणून पहिले सहा आठवडे औषध, बेताची हालचाल व डॉक्टरांची देखरेख यांवर काढता येतात.

पण काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, पायातली शक्ती जाऊ लागली, तर त्याच दिवशी सुरतेला सिव्हिल किंवा स्मीमेर हॉस्पिटल गाठा. उशीर झाल्यास पाय व लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. पाठदुखीबरोबर बारीक ताप येत असेल व वजन घटत असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. त्यावर मुख्य उपाय औषधांचाच असतो.

दाखल होण्यापूर्वी आयुष्मान कार्डावर हे ऑपरेशन बसते का, ते विचारा.

गादीच्या साध्या ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्या दिवशी चालवतात. रोज थोडे थोडे चालणे वाढवा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घ्या. पहिले सहा आठवडे वाकणे, भरलेली कळशी उचलणे, ट्रॅक्टरचे धक्के वर्ज्य. युरियाचे ४५ किलोचे पोते व उसाची मोळी डॉक्टरांनी सांगेपर्यंत नकोच. त्याला तीन महिने किंवा अधिकही लागतात. मणके जोडले असतील तर त्याहून जास्त, आणि तेव्हा विडी-तंबाखू सोडावीच. तिने हाड जुळायला अडथळा येतो.

ज्यांना थांबणे शक्य आहे, त्यांनी मुकादमाची उचल घेण्यापूर्वीच ऑपरेशनचा विचार पक्का करावा. उचल अंगावर असली की टाके सुकण्याआधी कोयता हाती घ्यावा लागतो. एक हंगाम बुडाला तर घर ओढाताणीने का होईना चालते. पाठ कायमची गेली तर पुढचे सगळेच हंगाम जातात.