परग्रहवासीयांस नोटीस

जोहान्सबर्गच्या रस्त्यावर कुणीतरी माइक पुढे करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारतंय, की बाहेरून येऊन इथे राहिलेल्या या लोकांबद्दल तुम्हाला काय वाटतं. माणसं थांबतात आणि मनातलं बोलून मोकळी होतात. कुणाला भीती वाटते, कुणाला राग येतो, कुणाला ही ब्याद एकदाची टळली तर हवी आहे. पडद्यावर आपल्याला दिसतं, की बोलणं परग्रहावरून आलेल्या प्राण्यांबद्दल चाललं आहे. लघुपटाचं नाव 'अलाइव्ह इन जोबर्ग', साल २००५, लांबी जेमतेम सहा मिनिटं. दिग्दर्शक नील ब्लोमकाम्प.

गंमत अशी, की त्यातली बरीच माणसं अभिनय करतच नव्हती. ब्लोमकाम्पने दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या नागरिकांना झिंबाब्वे आणि नायजेरियातून आलेल्या लोकांविषयी विचारलं होतं. त्यांनी प्रामाणिक उत्तरं दिली. दिग्दर्शकाने ती कापली आणि परग्रहवासीयांच्या दृश्यांशेजारी चिकटवली. सांधा कुठेच दिसत नाही. शेजारच्या देशातल्या माणसाबद्दल बोललेलं वाक्य शब्दही न बदलता दुसऱ्या ग्रहावरच्या प्राण्याला चपखल बसतं! विज्ञानकथेत मी पाहिलेल्या करामतींत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात थरारक.

याच लघुपटातून २००९ साली 'डिस्ट्रिक्ट ९' हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा राहिला. ब्लोमकाम्पचा हा पहिलाच मोठा चित्रपट, तेव्हा तो तिशीतही नव्हता. निर्माता होता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला पीटर जॅक्सन. पुढे ऑस्करची चार नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही. कथा अशी: १९८२ साली एक अवाढव्य यान येतं आणि न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टन सोडून थेट जोहान्सबर्गच्या डोक्यावर थांबतं. आत लाखो उपाशी, आजारी प्राणी. त्यांना खाली आणून छावणीत ठेवतात. छावणीभोवती कुंपण येतं आणि आत झोपडपट्टी वाढते. वीसहून जास्त वर्षांनी शहराला ती डोळ्यांपुढे नकोशी होते, आणि सगळ्यांना शहरापासून लांब नव्या छावणीत हलवायचं काम एका खासगी कंपनीकडे दिलं जातं.

हे सगळं आपल्यापुढे माहितीपट म्हणून येतं. हलता कॅमेरा, बातम्यांचे तुकडे, सीसीटीव्हीची धुरकट चित्रं, खुर्चीत बसून मत देणारे समाजशास्त्रज्ञ. बनावट माहितीपटाची, म्हणजे मॉक्युमेंटरीची, ताकद अशा क्षुल्लक गोष्टींत असते. देखणी, नीट उजेडातली चौकट दिसली की आपण 'सिनेमा आहे' म्हणून सैलावून बसतो. तेच चित्र हललं, फोकस चुकला, कुणी बोलता बोलता अडखळलं, की हे खरंच घडलं असणार असं वाटू लागतं. नायक विकस व्हॅन डे मर्व्ह साकारणाऱ्या शार्ल्टो कोप्लीला तर बरेचसे संवाद लिहून दिलेलेच नव्हते. प्रसंग सांगायचा आणि तो सुचेल ते बोलणार.

आता शीर्षकाकडे या. केपटाउनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची वस्ती खरोखरच होती. १८६७ मध्ये शहराचा सहावा विभाग म्हणून तिला हे नाव पडलं. गोदीजवळची दाट, गजबजलेली, सरमिसळ वस्ती. तिथे मुक्त झालेल्या गुलामांचे वंशज होते, कारागीर होते, व्यापारी होते, स्थलांतरित होते. आपल्या रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरून गेलेले कोकणी मुसलमानही केपटाउनच्या या भागात दुकानं थाटून होते. १९५० च्या 'ग्रुप एरियाज ॲक्ट'ने कोणत्या वर्णाच्या माणसाने कुठे राहायचं हे सरकारच्या हाती गेलं. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी डिस्ट्रिक्ट सिक्स हा गोऱ्यांचा भाग म्हणून जाहीर झाला. पुढच्या वर्षांत साठ हजारांहून जास्त माणसं उठवली गेली. बहुतेकांची रवानगी केप फ्लॅट्सच्या वाळूभरल्या माळावर झाली, तर भारतीयांसाठी रायलँड्स हा वेगळा तुकडा ठरवून दिलेला होता. बुलडोझरने घरं पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी राहिली. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते गोरे तिथे मोठ्या संख्येने राहायला आलेच नाहीत. जमिनीचा बराच भाग वर्षानुवर्षं ओसाड पडून होता.

सहाचे नऊ केले, वस्ती केपटाउनहून जोहान्सबर्गला नेली, माणसांच्या जागी कोळंबीसारखे दिसणारे प्राणी ठेवले. वर्णभेदाच्या काळात बागेतल्या बाकांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या असत. चित्रपटातल्या शहरात 'फक्त मानवांसाठी' अशा पाट्या दिसतात. वितरकांनी तर जाहिरात म्हणून अमेरिकेतल्या शहरांत बसथांब्यांच्या बाकांवर खरोखरच तसा मजकूर लावला होता.

पण पाट्यांचं साम्य कुणालाही दिसतं. मला थक्क करतो तो चित्रपटातला कागद.

विकस हा क्रूरकर्मा नाही. सासरा कंपनीत वरच्या खुर्चीवर, म्हणून बढती मिळालेला कारकून; स्वेटरव्हेस्ट घातलेला, कॅमेऱ्यापुढे छाती फुगवून चालणारा. त्याच्याकडे क्लिपबोर्ड आहे आणि त्यावर जागा खाली करण्याची नोटीस. कायद्याप्रमाणे चोवीस तास आधी ती द्यायची आणि सही घ्यायची. ज्या प्राण्यांना या कागदाचा अर्थ काय, कायदा कुणाचा हे काही माहीत नाही, त्यांच्या दारात तो विनम्रपणे पेन पुढे करतो. एक प्राणी चिडून क्लिपबोर्डला फटका मारतो. विकस कॅमेऱ्याकडे वळून खुशीत सांगतो, की हाताचा ठसा उमटला, ही सही धरता येईल. एका झोपडीत त्यांची अंडी सापडतात. तो पोषणाची नळी उपटतो, खोपट पेटवून देतो आणि अंडी फुटताना मक्याच्या लाह्यांसारखा आवाज येतो हे कौतुकाने ऐकवतो. तुटलेला एक तुकडा सहकाऱ्याला आठवण म्हणून देतो. आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावर द्वेष नाही. कामाचा उरक दाखवणाऱ्या माणसाचा उत्साह आहे, बस्स.

वर्णभेदाची राजवट अशीच चालली. तिच्यामागे बंदूक होती. ९ फेब्रुवारी १९५५ रोजी जोहान्सबर्गचं सोफियाटाउन रिकामं करायला सुमारे दोन हजार पोलीस आले होते, आणि पाडलेल्या वस्तीच्या जागी उभ्या केलेल्या गोऱ्यांच्या उपनगराला 'ट्रिओम्फ', म्हणजे विजय, असं नाव देण्याचा निलाजरेपणाही झाला. तरी रोजचा गाडा ओढत होते ते कागदी घोडे. ओळखीची पासबुकं, परवाने, नोंदवह्या, अर्ज. म्हणून माहितीपटाचं रूप या विषयाला वरून चढवलेलं वाटत नाही. कारकुनाची वही आणि माहितीपटाचा कॅमेरा दोघेही तेच करतात: समोरच्याला नाव, क्रमांक आणि वर्णन देऊन टाकतात, त्याला न विचारता. चित्रपटातल्या हुशार परग्रहवासीयाचं नाव आहे ख्रिस्तोफर जॉन्सन! हे नाव कुठल्या ग्रहावर ठेवलं असेल? सरकारदरबारी सोयीचं म्हणून चिकटवलेलं, हे उघड आहे. नेल्सन मंडेलांनाही 'नेल्सन' हे नाव शाळेत शिक्षिकेने पहिल्याच दिवशी दिलं होतं.

पुढे विकसच्या अंगावर काळा द्रव उडतो आणि तो हळूहळू परग्रहवासी होऊ लागतो. नखं गळतात, एक हात नांगीसारखा होतो. ही झाली शुद्ध कल्पना, असं वाटेल. पण १९५० च्याच 'पॉप्युलेशन रजिस्ट्रेशन ॲक्ट'खाली प्रत्येक माणसाची वर्णावरून नोंद होत होती, आणि शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून ती खाली पडते की अडकते हे पाहण्यासारखे प्रकार चालत. सँड्रा लेंग ही मुलगी १९५५ साली गोऱ्या आईबापांच्या पोटी जन्मली. कातडी सावळी, केस कुरळे. दहा वर्षांची असताना तिला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, आणि १९६६ मध्ये कागदावर तिचा वर्ण बदलून 'कलर्ड' केला. वडील कोर्टकचेऱ्या करत राहिले. मग कायद्याने आईबापांच्या वर्णाला महत्त्व दिलं आणि ती पुन्हा गोरी ठरली. मुलीच्या देहात या काळात काहीही बदललेलं नव्हतं! तिच्यावर 'स्किन' नावाचा चित्रपट निघाला, 'डिस्ट्रिक्ट ९'च्या जेमतेम वर्षभर आधी. विकसच्या बाबतीत देह बदलतो आणि कागद मागून येतो. सँड्राच्या बाबतीत नुसता कागद फिरला आणि अख्खं आयुष्य उलटंपालटं झालं. दोन्हीत विचित्र कोणतं, हे मला खरंच ठरवता येत नाही.

चित्रपटाची खरी खुबी मात्र थोडं थांबून पाहिल्यावर लक्षात येते. मुलाखती देतात ते सगळे मानव. तज्ज्ञ, अधिकारी, रस्त्यावरची माणसं, विकसचे सहकारी. परग्रहवासीयाची एकही मुलाखत नाही, आणि पहिल्या पाहण्यात आपल्याला ते खटकतही नाही. मग चित्रपट हळूच नियम मोडतो. ख्रिस्तोफर आपल्या साथीदाराबरोबर कचऱ्यातून काहीतरी गोळा करतो, नंतर झोपडीत आपल्या लहानग्याशी बोलतो. तिथे कंपनीचा कॅमेरा असणं शक्यच नाही. मग हे दाखवतंय कोण? माहितीपट संपून कथापट कधी सुरू झाला ते कळतच नाही. काही समीक्षकांना हा ढिसाळपणा वाटला. माझ्या मते चित्रपटातलं सर्वांत धीट काम हेच. सरकारी कॅमेऱ्याला घरातला बाप दिसत नाही. तो दिसावा म्हणून कॅमेराच टाकून द्यावा लागतो.

चित्रीकरणाची जागा सोवेटोमधली चियावेलो. त्या झोपड्या खऱ्या होत्या, कुणाच्या तरी राहत्या होत्या. रहिवाशांना सरकारी घरांत हलवायचं ठरलेलं होतं आणि चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ते हलवणं पुरतं झालेलंही नव्हतं. ब्लोमकाम्पच्या सांगण्याप्रमाणे खास चित्रपटासाठी बांधलेली झोपडी एकच, ख्रिस्तोफरची. हे २००८ साल. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले, देशभर पसरले आणि ६२ माणसं मेली. वर्णभेद कायद्याने संपून चौदा वर्षं झाली होती.

इतकं जाणणाऱ्या चित्रपटाचा पाय घसरतो तोही नेमका इथेच. छावणीत मांजराचं खाणं चढ्या भावाने विकणारी, शस्त्रांचा धंदा करणारी, परग्रहवासीयांचं मांस खाणारी टोळी नायजेरियन दाखवली आहे, आणि तिच्या म्होरक्याचं नाव ओबासान्जो, म्हणजे नायजेरियाच्या माजी अध्यक्षांचं आडनाव! या पात्रांना ना मन आहे, ना मुलं. नायजेरियाच्या तत्कालीन माहितीमंत्री डोरा अकुन्यिली यांनी चित्रपटगृहांना खेळ थांबवायला सांगितलं आणि निर्मात्यांनी माफी मागावी अशी मागणी केली. ते योग्यच होतं. दुसरी अडचण रूपकाच्या मुळाशी आहे. परग्रहवासी खरोखरच वेगळी जात आहे. वर्णभेदाचा दावा मात्र मुळात खोटा होता. आणि अन्याय समजून घ्यायला आपल्याला शेवटी एका गोऱ्या माणसाचं दुःखच पाहावं लागतं. एवढं मान्य करून पुढे जायचं.

परग्रहवासी न आणताही हा खेळ जमतो. कॅन्सस विद्यापीठात तेव्हा शिकवणाऱ्या केव्हिन विल्मॉट यांचा २००४ चा 'सी. एस. ए. : द कॉन्फेडरेट स्टेट्स ऑफ अमेरिका' पाहा. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडची राज्यं जिंकली आणि गुलामगिरी आजवर चालू आहे, असं धरून रचलेला हा बनावट ब्रिटिश माहितीपट. तो दूरदर्शनवर दाखवला जात असल्यासारखा, मध्ये मध्ये जाहिराती. काळ्या माणसाचं विद्रूप तोंड छापलेल्या मालाच्या त्या जाहिराती इतक्या किळसवाण्या, की लेखकाने जरा जास्तच ताणलं असं वाटतं. मग शेवटी अक्षरं येतात आणि कळतं, की त्यांतला बराच माल खरा होता. 'कून चिकन इन' ही उपाहारगृहांची साखळी सॉल्ट लेक सिटी, सिॲटल आणि पोर्टलंडमध्ये चालत होती. गिऱ्हाइकांना काळ्या माणसाच्या उघड्या तोंडातून आत जावं लागे. 'डार्की' टूथपेस्ट आशियात खपत होती. १९८९ मध्ये तिचं इंग्रजी नाव एका अक्षराने बदलून 'डार्ली' केलं. चिनी नावाचा अर्थ मात्र 'काळ्या माणसाची टूथपेस्ट' असाच होता, आणि ते बदलायला २०२२ उजाडलं.