‘हाताला काटा लागला’: एवढ्यावर कोड होत नाही

मंडळी, गेल्या वेळी आपण वैशेषिकांचं पदार्थांचं वर्गीकरण पाहिलं. तेव्हा मागून एकांनी विचारलं होतं, याचा दवाखान्यात काय उपयोग? आज तिथंच जाऊ.

समजा, पाथर्डीकडच्या रानात वेडी बाभूळ तोडताना एका बाईंना काटा घुसला. उजवा हात, कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. आरोग्य केंद्रात त्या सांगतात, ‘हाताला काटा लागला’. केसपेपरवरही तेवढंच उतरतं. मराठीत यात चूक काहीच नाही, आपला हात खांद्यापासून बोटांपर्यंत असतो. पण रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-10 मध्ये, असा सलग हात नाही. दंडाच्या उघड्या जखमा एस41 मध्ये, कोपर ते मनगट एस51 मध्ये, मनगट आणि पंजा एस61 मध्ये. आपला शब्द एक, त्यांचे खण तीन.

कोड लावणारा माणूस रुग्ण पाहत नाही, कागद पाहतो. म्हणजे त्याला प्रत्यक्ष नाही, अनुमानाला बंदी आहे, उरतं फक्त शब्दप्रमाण! कागदावर नाही ते त्यानं मनानं भरायचं नसतं.

अमेरिकेची आवृत्ती याहून बारीक आहे. आपली कितीतरी मुलं इथं बसून तिथल्या रुग्णालयांचे कोड लावतात, म्हणून ती पाहू. उजव्या बाजूची टोचलेली जखम, आत काही राहिलं नसेल तर एस51.831. काटा आत असेल तर एस51.841. चावा असेल तर एस51.851. शेवटी एक अक्षर: उपचार चालू असताना ए, नंतर बरं होतानाच्या भेटींना डी, मागे राहिलेल्या परिणामांना एस. ए म्हणजे ‘पहिली भेट’ असं पुष्कळ जण समजतात, ते बरोबर नाही.

‘आत काही राहिलं का’ हा प्रश्न मात्र अमेरिकेचा नव्हे. सुश्रुतानं ताज्या जखमांचे सहा प्रकार केले: छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित, घृष्ट. त्यात बारीक टोकानं झालेली ती विद्ध. आणि शल्य बाहेर आलंय की अडकलंय, याचा उल्लेख त्या व्याख्येतच आहे. आम्हांला याचं फार कौतुक वाटतं, कारण हा भेद पोथीतला नाही, दुखण्यातला आहे. टोचलेल्या जखमेचं तोंड लहान, खोली जास्त. काट्याचं टोक मोडून राहिलं तर लाकूड साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडण्याची शक्यता जास्त. पंधरा दिवसांनी हात सुजून बाई परत येतात, समोर दुसरे डॉक्टर, आणि कागदावर ‘हाताला जखम, ड्रेसिंग केलं’. आता शोधायचं कुठं, आणि काय?

कारणाचंही तसंच. काट्याला डब्ल्यू60, कुत्र्याच्या चाव्याला डब्ल्यू54. भोकं दिसायला सारखीच. पण दात कातडीपार गेला असेल तर रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. अकोल्याकडे बिबट्यानं धरलं असेल तर वनखात्याच्या भरपाईलाही हाच कागद लागतो.

मग लिहायचं कसं? ‘उजवा हात, कोपराखाली चार बोटं, आतल्या बाजूला टोचलेली जखम, बाभळीचा काटा, टोक आत असल्याचा संशय, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.’ ओपीडीच्या गर्दीत एवढा वेळ मिळत नाही, हे आपण पाहतोच. तर निदान ‘उजवा, कोपराखाली, काटा’ हे तीन शब्द तरी लिहावेत.