रस्त्याचे हादरे व वाहनांची प्रयोगशाळेतील परीक्षा

परभणी जिल्ह्यातील काळ्या जमिनीतून जाणाऱ्या गाडीवाटांवर पावसाळ्यात चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात व पुढे त्या तशाच वाळून कठीण होतात. अशा वाटेने उसाची ट्रॉली ओढीत असता ट्रॅक्टरच्या प्रत्येक जोडास आणि चालकाच्या कण्यास सतत हादरे बसत असतात. एका हादऱ्याने काही बिघडत नाही. परंतु लोखंडी तार वारंवार वाकविली असता जशी अखेरीस तुटते, तसाच धातूही थकतो व जोडास भेग पडते.

नवीन वाहन या हादऱ्यांपुढे किती टिकेल, हे पाहण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहणे परवडत नाही. म्हणून रस्ताच प्रयोगशाळेत आणण्याची पद्धत आहे. प्रथम वाहनाच्या आसावर व सांगाड्यावर कंपन आणि ताण मोजणारी उपकरणे बसवून ते खराब रस्त्यावर चालवितात व सर्व नोंदी घेतात. नंतर वाहनाची चारही चाके तेलाच्या दाबाने वरखाली होणाऱ्या चार खांबांवर ठेवतात. वाहनावरील नोंदी रस्त्यावरील नोंदींशी जुळेपर्यंत संगणक खांबांची हालचाल पुन्हा पुन्हा सुधारीत जातो. ज्या भागात विशेष इजा होत नाही तो नोंदीतून गाळल्यामुळे दीर्घकाळची झीज थोड्या दिवसांत घडविता येते. वाहनांच्या परीक्षणाचे कार्य आपल्या राज्यात पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था करते.

या परीक्षांमागील एक नियम शेतकरी बंधूंनी अवश्य ध्यानी घ्यावा. वेल्डिंगच्या जोडावरील बदलता ताण दुप्पट झाला, तर होणारी हानी दुप्पट नव्हे, तर सुमारे आठपट होते. प्रमाणाबाहेर भरलेल्या ट्रॉलीचा जोड लवकर का तुटतो, याचे उत्तर यातच आहे.

चालकाचे शरीरही यास अपवाद नाही. सेकंदास सुमारे ४ ते ८ वेळा होणारी उभी कंपने बसलेल्या माणसास विशेष बाधतात. बहुतेक ट्रॅक्टरच्या मागील आसास स्प्रिंग नसते; त्यामुळे टायर व बैठक हाच काय तो आधार उरतो.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. खडबडीत वाटेवर वेग कमी ठेवावा व ट्रॉलीत प्रमाणाबाहेर भार भरू नये.

२. टायरमधील हवा निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. जादा हवेने टायर कठीण होऊन हादरा थेट वर पोहोचतो.

३. बैठकीची स्प्रिंग चालकाच्या वजनाप्रमाणे जुळवून घ्यावी.

४. ट्रॉलीचा दांडा व हूक यांचे जोड हंगामापूर्वी स्वच्छ पुसून तपासावेत. भेग आढळताच वाहतूक थांबवावी.

५. ट्रॅक्टर खरेदीपूर्वी मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय परीक्षण संस्थेचा अहवाल पाहावा. त्यात निरनिराळ्या भागांची कंपनेही नमूद असतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती ट्रॅक्टरमालकांबरोबरच चालकांपर्यंतही पोहोचवावी. यंत्राचा तुटलेला जोड पुन्हा जोडता येतो. चालकाच्या पाठीचे तसे नाही.