नीट हुकली म्हणून बायोमेडिकल?

'नीट'चा स्कोअर कमी आला की कुणीतरी सुचवतंच, 'बायोमेडिकल इंजिनीअरिंग घे, तेही मेडिकलच!' थांबा, दोस्तांनो. चार वर्षांनी हातात पडते ती इंजिनीअरची पदवी, नावाआधी 'डॉ.' लागत नाही. गणितही सुटत नाही.

मग यात शिकायचं काय? ईसीजीचंच बघा. हृदयाचा सिग्नल छातीवर मिळतो जेमतेम एक मिलिव्होल्टचा. त्यात आजूबाजूच्या विजेचा ५० हर्ट्‌झचा गोंगाट मिसळतो. तो गाळायचा, पण हृदयाच्या ठोक्याचा आकार बिघडू द्यायचा नाही! फिल्टर बनवायला गणित लागतं आणि काय जपायचं हे कळायला शरीरशास्त्र.

हे कोडं सोडवावंसं वाटतंय? मग ऑप्शन फॉर्ममध्ये ही ब्रँच बिनधास्त वर टाका. नुसत्या पांढऱ्या कोटाच्या ओढीनं मात्र नको.