शास्त्रीय व तांत्रिक संज्ञापनाचा प्रवेश-अर्ज आणि मराठीचा विद्यार्थी

मराठी विषय घेऊन पदवी संपादन करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे अध्यापन, पत्रकारिता आणि स्पर्धा-परीक्षा हे तीन मार्ग रूढ आहेत. शास्त्रीय व तांत्रिक संज्ञापन हा चौथा मार्ग मात्र बहुधा त्याच्या विचारकक्षेत येत नाही. तज्ज्ञाजवळचे ज्ञान ज्याला त्याचा उपयोग करावयाचा आहे त्याच्यापर्यंत अचूक, सुरक्षित व वापरण्याजोग्या रूपात पोहोचविणे, हे या विद्याशाखेचे प्रयोजन होय. अमेरिकेत रेन्सेलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटने १९५३ मध्ये तांत्रिक लेखनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. भारतात राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संज्ञापन परिषद १९८२ मध्ये स्थापन झाली. अशा अभ्यासक्रमाच्या प्रवेश-अर्जात काय मागितले जाते आणि नागपूरच्या मराठीच्या विद्यार्थ्याला त्यात काय देता येईल, याचा विचार येथे केला आहे.

नागपूरला या विषयाची पूर्वपीठिका नाही, असे म्हणता येत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे मंडळ नागपूरचे होते. आचार्य रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे शास्त्रीय व प्रशासकीय संज्ञा घडविण्याचे जे प्रचंड काम केले, त्याचेही एक केंद्र नागपूर हेच होते. त्यांचा इंग्रजी-हिंदी बृहत्कोश १९५५ मध्ये येथूनच प्रसिद्ध झाला. पुढे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने नागपुरातूनच विद्यापीठीय स्तरावरील मराठी पाठ्यग्रंथ काढले. परंतु या तिन्ही उपक्रमांचा भर ज्ञानसंग्रह, परिभाषा व पाठ्यग्रंथ यांवर होता. ती संज्ञा वाचणारा कोण, तो ती कोणत्या परिस्थितीत वाचतो आणि वाचून काय करतो, हा प्रश्न या परंपरेत तितक्या ठळकपणे पुढे आला नाही. तांत्रिक संज्ञापनाचा आरंभ नेमका याच प्रश्नापासून होतो.

प्रवेश-अर्जाचे घटक सामान्यतः पाच असतात : गुणपत्रके, शिफारसपत्रे, हेतुनिवेदन, लेखनाचा नमुना आणि परदेशी विद्यापीठ असल्यास टोफेल अथवा आयईएल्ट्ससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण. काही परदेशी विद्यापीठे तीन वर्षांची पदवी अपुरी मानतात, म्हणून एम.ए. पूर्ण न केलेल्या विद्यार्थ्याने अर्जापूर्वीच तशी विचारणा करणे हितावह ठरते. शिफारसपत्र देणाऱ्यांपैकी एक जण तरी विज्ञान अथवा तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील असावा. केवळ साहित्याच्या प्राध्यापकांची पत्रे उमेदवाराच्या आस्वादशक्तीची ग्वाही देतील. तांत्रिक आशय समजून घेण्याच्या त्याच्या क्षमतेविषयी मात्र ती मौन राहतील.

हेतुनिवेदनात भाषेवरील प्रेमाचे वर्णन करण्याचा मोह अनेकांना होतो. निवड करणाऱ्यांना मात्र उमेदवाराने कोणता प्रश्न ओळखला आहे, हे जाणून घ्यावयाचे असते. विदर्भातील विद्यार्थ्याला असा प्रश्न शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती आणि ती सर्व भाषेच्या माथी मारणे योग्य नव्हे. तथापि कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषाची तीव्रता लाल, पिवळ्या, निळ्या व हिरव्या रंगांच्या खुणेने दर्शविलेली असते. त्यांपैकी लाल रंग सर्वाधिक विषारी आणि हिरवा सर्वांत कमी विषारी. हा क्रम ज्याला ठाऊक नाही त्याला हिरवा रंग निर्धोकपणाचा वाटण्याचा संभव असतो. खूण छापलेली असणे आणि ती कळणे यांत अंतर आहे.

लेखनाचा नमुना या अंतरावरच बेतता येईल. ‘फवारणीसमयी संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा’ या धाटणीचे एक वाक्य उदाहरणादाखल घ्यावे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु कर्मणी रचनेमुळे वापर कोणी करावयाचा, हे लुप्त होते. ‘साधने’ कोणती ते कळत नाही. आणि ‘समयी’ या शब्दामुळे ती आधीच अंगावर चढवावयाची आहेत, ही गोष्ट झाकली जाते. त्याऐवजी ‘औषध कालवण्यापूर्वी हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क बांधा’ असे लिहिले, तर कर्ता, वस्तू व क्रम हे तिन्ही स्पष्ट होतात. शिवाय फवारणीपूर्वीच्या कालवण्याच्या कामातही धोका आहे, ही पहिल्या वाक्यातून निसटलेली बाब येथे आपोआप येते. प्रयोगविचार मराठीच्या विद्यार्थ्याने शिकलेलाच असतो; त्याचे असे उपयोजन मात्र त्याच्याकडून क्वचितच करवून घेतले जाते.

अर्ज इंग्रजीतून करावयाचा असल्यास एक अडचण उद्भवते. सफाईदार अनुवाद मूळ वाक्यातील दोष लपवितो. म्हणून मूळ मराठी मजकूर, त्याचा शब्दशः इंग्रजी अर्थ, सुधारित मजकूर आणि प्रत्येक बदलामागील कारण देणारे छोटे टिपण, असा चौपदरी नमुना सादर करणे श्रेयस्कर. दोन-चार प्रत्यक्ष वाचकांकडून सुधारित मजकूर वाचून घेऊन ते कोठे अडखळले याची नोंद जोडल्यास नमुन्याचे मोल वाढते. कारण वाचकाची परीक्षा घेण्याऐवजी मजकुराची परीक्षा वाचकाकडून करवून घेणे, ही या विद्याशाखेची मूळ शिस्त आहे. आशयाची शहानिशा मात्र त्या विषयाच्या जाणकाराकडून करून घेतलीच पाहिजे. सुबोध परंतु चुकीची सूचना ही दुर्बोध सूचनेहून अधिक घातक असते.

केंद्रीय कापूस संशोधन संस्था व राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या दोन्ही संस्था नागपुरात आहेत. मराठी विभागही याच नगरात आहेत. या दोहोंमधील जागा भरून काढणारा विद्यार्थी प्रवेश मिळवून बाहेर गेला आणि तेथेच राहिला, तर लाभ त्याचा एकट्याचा होईल. तो परत यावा असे वाटत असेल, तर त्याला शिकविता येईल असा एखादा उपयोजित अभ्यासघटक येथील मराठी विभागांनी पदव्युत्तर स्तरावर आधीच निर्माण करून ठेवला पाहिजे.